मागच्या वर्षीप्रमाणे

हिमी, १२ फेब्रुवारी

बेश्शो साहेब,

पत्राच्या सुरुवातीला थंडीवाऱ्याची विचारपूस करायची आपल्याकडे रीत आहे. ती मी गाळते आहे. तुमच्याकडे थंडी असेल तर असू दे.

तुमचं पत्र काल मिळालं. पाच वर्षांत तुम्ही मला स्वतःच्या हाताने दोन ओळींपेक्षा जास्त लिहिल्याचा हा पहिलाच प्रसंग. एरवी फायलीवर एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली असायची आणि तिच्यावर 'मागच्या वर्षीप्रमाणे' एवढंच. ई-मेल का केली नाहीत, तेही मला कळलं. ई-मेलची नोंद राहते. परीक्षा विभागाच्या प्रमुखाला नोंदीचं भय नसेल तर आणखी कोणाला असणार?

तुम्ही लिहिता की संख्याशास्त्राच्या पेपराबद्दल एका विद्यार्थिनीने तक्रार केली आहे, चौकशी समिती मला घरी फोन करेल, तेव्हा मी 'जे आहे तेच' सांगावं. जे आहे ते काय, हेही माझ्या सोयीसाठी तुम्हीच खाली मांडून दिलंय. नुकुई तोमोए ही कंत्राटी कर्मचारी. ऑनलाइन परीक्षेच्या सिस्टीममध्ये तिची भूमिका फक्त 'पाहणारी' एवढीच. कोणाची वेळ किंवा सवलत बदलण्याचा अधिकार तिला नव्हता, सबब तिने काहीही बदललेलं नाही.

अधिकारांचा तो तक्ता मला पाठ आहे, कारण टाइप मी केला. प्रश्न टाकणारे वेगळे, पाहणारे वेगळे, वेळ आणि सवलती ठरवणारे वेगळे, आणि सगळ्यांच्या वर एकच सर्वाधिकारी, बेश्शो कात्सुजी. तक्त्यावर तुमचा शिक्का आहे. तो शिक्काही मीच मारला, कारण तो माझ्या खणात असायचा. शिक्क्याच्या शेजारी तुमच्या अक्षरात तुमचा पासवर्ड. रोज सकाळी नऊ ते सव्वापाच मी बेश्शो असायची. तुम्ही फक्त जेवणाच्या सुट्टीत आणि सत्काराच्या दिवशी बेश्शो असायचात. 'या सिस्टीममध्ये एकही चूक नाही' म्हणून कुलगुरूंनी पाठ थोपटली तेव्हा आयत्या बिळावर नागोबा कसा डोलतो, ते मी मागच्या रांगेतून पाहिलं.

आता त्या दिवसाचं. ३० जानेवारीला तुम्ही वार्षिक तपासणीसाठी हॉस्पिटलात होता. पावणेनऊला तुमचा फोन आला. दोन पर्यवेक्षक तापाने पडले होते. तुम्ही म्हणालात, मागच्या वर्षीची पर्यवेक्षकांपासून वेळांपर्यंतची सगळी मांडणी उचला आणि यंदाच्या पेपरावर टाका, तिच्यात माणसं पुरेशी आहेत. मी उचलली आणि टाकली. स्क्रीनने मला काही विचारलं नाही. तक्रार करणाऱ्या मोरिसाकी आकिहोची जास्तीची अर्ध्या तासाची वेळ त्यात पुसली गेली असेल तर ती तुमच्या हुकमाने आणि तुमच्या नावाने पुसली गेली.

समितीला काय सांगायचं ते मी ठरवीन.

नुकुई तोमोए


हिमी, १९ फेब्रुवारी

बेश्शो साहेब,

तुम्ही पाठवलेला लाल उडदाच्या गोड वड्यांचा खोका मिळाला. आईने खाल्ल्या. चांगल्या होत्या म्हणाली, आणि विचारलं, "या माणसाचं तुझ्याकडे काय अडकलंय?" तिने चाळीस वर्षं बंदरावर मासे साफ केलेत, तिला वास लगेच येतो.

काय अडकलंय ते खोक्यासोबतच्या तुमच्या पत्रावरून कळलं. एक एप्रिलपासून तुम्ही शैक्षणिक विभागाचे प्रमुख होणार. कुजबुज तुमच्यापर्यंत आली आहे, कागद यायचा आहे. अभिनंदन करायला हवं, पण माझं कंत्राट एकतीस मार्चला संपतं आणि रजा उरली होती म्हणून मी फेब्रुवारीपासूनच घरी बसले आहे, तेव्हा अभिनंदन माझ्या जागी आलेल्या नवीन बाईंकडून घ्या. शिक्का कुठल्या खणात ठेवायचा, ते हस्तांतराच्या टिपणात लिहिलंय.

तुम्ही आता समितीला सांगणार आहात की संख्याशास्त्राच्या सरांनीच तुम्हाला तोंडी सांगितलं होतं, या मुलीला सवलत नको. सर सत्तरीला आले आहेत, काय बोललो ते त्यांना संध्याकाळी आठवत नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. म्हणजे बदल अधिकाराने झाला, नोंद बरोबर आहे, कर्मचाऱ्यांची चूक नाही. आणि कर्मचाऱ्यांची चूक नसेल तर फेरपरीक्षा नाही.

साहेब, त्या मुलीला तुम्ही कधी पाहिलेलं नाही. मी पाहिलंय. तिच्या बोटांच्या सांध्यांना सूज येते. हिवाळ्यात सकाळी मूठ उघडायला तिला अर्धा तास लागतो. साठऐवजी नव्वद मिनिटं तिला डॉक्टरांच्या दाखल्यावर मिळाली होती. ऑक्टोबरमध्ये ती आपल्या विभागाच्या खिडकीशी आली, अर्ज आम्ही दोघींनी मिळून भरला. दाखला नंतर यायचा होता म्हणून मी तिला माझा फोन नंबर दिला. तुमच्या नावाने आत जाऊन मी नव्वद टाकले आणि तिची खात्री पटावी म्हणून स्क्रीन वळवून दाखवली. पेपराच्या दिवशी साठाव्या मिनिटाला तो आपोआप बंद झाला तेव्हा तिचं पाचवं उत्तर अर्धं होतं. चार गुणांनी गेली. हा एक पेपर नाही म्हणजे पदवी नाही, आणि पदवी नाही म्हणजे जिल्हा अभिलेखागारातली नोकरी नाही. अशा हातांच्या मुलीला ती कशी मिळाली असेल, याचा विचार करून पाहा. पदवीधरांची यादी अठरा मार्चला बंद होते, समिती अकराला बसते.

तेव्हा वड्या पुरत नाहीत.

माझ्या टिपणाचं एक्केचाळिसावं पान वाचलंत का? 'सवलती भरताना साहेबांच्या नावाने आत जावे, पासवर्ड शिक्क्याजवळ.' त्याची प्रत माझ्याकडे आहे. शिवाय सवलत पुसली गेली तेव्हा, आठ बावन्नला, तुम्ही कुठे होता, याची नोंद हॉस्पिटलातही असणार. पोटाच्या एक्स-रेसाठी बेरियम पाजून, त्या हलत्या फळीवर उलटं टांगलेलं असताना माणूस सिस्टीममध्ये शिरून सवलती बदलतो, हे समितीला पटवून द्या बरं.

दोन रात्री झोपू नका. मला बरं वाटेल.

नुकुई तोमोए


हिमी, २७ फेब्रुवारी

बेश्शो साहेब,

तर तुम्ही संगणक केंद्रात जाऊन आलात. पाच वर्षांत पहिल्यांदा. तिथे तुम्हाला कळलं की जुनी मांडणी नव्या पेपरावर टाकताना आधी लाल चौकट येते आणि काय काय पुसलं जाईल ते तिच्यात लिहिलेलं असतं. 'हो' दाबल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. आणि मग तुम्ही तुमच्या त्या सुबक अक्षरात लिहिता: 'नुकुईबाई, स्क्रीनने काही विचारलं नाही असं तुम्ही म्हणाला होतात. तुम्ही ती चौकट वाचली नाहीत का?'

घाई होती. फोन कानाला होता, आणि फोनवर तुम्ही बेरियमच्या चवीबद्दल गाऱ्हाणं सांगत होता. दिवसाला अशा पन्नास चौकटी येतात. तुम्हाला हे माहीत नाही, कारण तुम्ही त्यातली एकही कधी दाबलेली नाही. तुम्हाला कोणी चौकटीबद्दल विचारलं तर हेच सांगा.

समितीचा फोन परवा आला. कोणी तरुण वकीलबाई होती, आवाज गोड. मी सांगितलं की माझी भूमिका पाहणारीची होती, बदलायचा अधिकार मला नव्हता. तुम्ही लिहून दिलेलं वाक्य, शब्दाला शब्द. ती थँक्यू म्हणाली. दीड मिनिटात काम झालं.

खुश व्हा. उंदराला मांजर साक्ष. तुम्ही पासवर्ड वाटल्याचं मी सांगत नाही, आणि चौकटीबद्दल तुम्ही विचारत नाही. मला तुमची किळस येते आणि अलीकडे आरशातही तसंच काहीसं होतं. म्हणून सांगते, यापुढे वड्या वगैरे पाठवू नका.

एक गोष्ट सांगणार नव्हते. समितीच्या फोनच्या आदल्या दिवशी आकिहोचा फोन आला होता.

ती म्हणाली, "ताई, नव्वद मिनिटं तुम्हीच टाकली होती ना? मला स्क्रीन वळवून दाखवली होतीत."

"मला तो अधिकारच नव्हता गं."

"पण मी पाहिलं."

"दुसऱ्या कोणीतरी दाखवलं असेल. तुझा घोटाळा होतोय."

रागावली असती तर मी फोन आपटला असता. ती म्हणाली, "बरं ताई. सुट्टीत त्रास दिला, माफ करा." तिने माझी माफी मागितली, साहेब. फोन ठेवताना तो तिच्या हातातून निसटल्याचा आवाज आला.

मी हे तुम्हाला का सांगते आहे ते मलाच माहीत नाही. दुसरं कोणी नाही म्हणून असेल.

नुकुई तोमोए


हिमी, ६ मार्च

बेश्शो साहेब,

तुमच्या कालच्या पत्रातली धमकी समजली. 'बुडालो तर दोघेही बुडू, आणि तुमची नवी नोकरी अजून सुरूही झालेली नाही.' तुम्हाला माझी नवी नोकरी कुठली ते कोणी सांगितलं ठाऊक नाही, पण खरं आहे. शाळांचं दुपारचं जेवण जिथे शिजतं त्या केंद्रात मला घेतलंय. कोणत्या मुलाला अंडं चालत नाही, कोणाला गहू, कोणाला कोळंबी, त्या यादीचं काम.

काल मला ते दाखवायला बोलावलं होतं. हामातानी बाई तिथल्या मुख्य आहेत, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, आवाज असा की भांडी वाजावीत. त्यांनी लाल ताटं दाखवली, प्रत्येक ताटावर मुलाचं नाव. मी विचारलं, मागच्या वर्षीची यादी आहे ना, त्यात बदल करत गेलं की झालं. त्या थांबल्या. म्हणाल्या, "इथे मागच्या वर्षीचं काही उचलायचं नाही. दर वर्षी कोरा कागद. एकेक नाव आईबापाला विचारून लिहायचं, आणि लिहिलेलं मोठ्याने वाचायचं."

आणि माझ्या हातात चाळीस नावं देऊन म्हणाल्या, वाचा बरं.

सहाव्या नावाला मी कागद खाली ठेवला. घसा बसलाय म्हटलं. पाणी दिलं त्यांनी.

मी तुम्हाला तीन पत्रं लिहिली आणि तिन्हींत खोटं लिहिलं. आता खरं लिहिते. याची प्रत आज रजिस्टरने समितीला जाते आहे, एक्केचाळिसाव्या पानासकट. तेव्हा धमक्यांचा कागद वाचवा.

एकोणतीस जानेवारीला संध्याकाळी पाच वाजता, झेरॉक्स मशीनजवळ, तुम्ही मला सांगितलंत की माझं कंत्राट पुढे वाढणार नाही. पाच वर्षं पुरी झाली की आम्हाला कायम करावं लागतं, म्हणून पाचवं संपायच्या आत सगळ्यांनाच निरोप मिळतो, हे मला माहीत होतं. मीही ते गृहीत धरायला हवं होतं. पण ऑगस्टमध्ये तुम्ही म्हणाला होतात, तुमच्यासाठी मी शब्द टाकतो. म्हणून मी विचारलं, शब्द टाकला होता का? तुम्ही कागद मोजत होता. "वरच्यांना नोंदीवरून पटवावं लागतं, नुकुईबाई. आणि नोंदीत तुमचं काम फारसं दिसत नाही."

नोंदीत माझं काम दिसत नाही. सगळं तुमच्या नावावर केलं होतं म्हणून. हे म्हणताना तुमचा चेहरा साधा होता, खोचक नव्हता. त्याचाच मला जास्त राग आला. मग तुम्ही म्हणालात, हस्तांतराचं टिपण मात्र नीट लिहा.

दुसऱ्या दिवशी पावणेनऊला तुमचा फोन. मी तुमच्या नावाने आत गेले. मागच्या वर्षीची मांडणी उचलली. लाल चौकट आली. तिच्यात एकच ओळ होती: 'एका विद्यार्थिनीची वैयक्तिक सवलत पुसली जाईल. मोरिसाकी आकिहो. पुढे जायचे?'

मी वाचलं. फोन तोवर तुम्ही ठेवलेला होता. घाई नव्हती. खोलीत मी एकटीच होते. दोनदा वाचलं.

वरच्या कोपऱ्यात तुमचं नाव होतं. माझ्या मनात आलं, बघू दे आता नोंदीत कोणाचं काम दिसतं ते. पावणेअकराला मुलगी हात वर करील, पर्यवेक्षक धावत येतील, तुम्हाला हॉस्पिटलातून बोलावतील, तुम्ही त्या कागदी झग्यात फोनवर सरांपुढे वाकाल. एकदा तरी तुमच्या नावावरचं काम तुम्हाला निस्तरावं लागेल. मी 'हो' दाबलं आणि चहा करायला गेले.

अकराला पंचवीस कमी असताना मी माझ्या स्वतःच्या नावाने आत गेले, पाहणारी म्हणून. पेपर सुरू होताना मला बघायचं होतं. तिच्या नावासमोर साठ मिनिटांचं घड्याळ चालू झालं. मी वाट पाहिली. वर्गातून कसलाच निरोप आला नाही, म्हणजे तिने हात वर केला नव्हता. दहा मिनिटं झाली, वीस झाली. आता मला वाटतं, वर्गातल्या ऐंशी जणांना आपल्यामुळे व्यत्यय नको, असं तिने ठरवलं असणार. किंवा काहीतरी कारण असेल, नंतर विचारू, असं. आपल्याकडे मुलांना आपण हेच शिकवतो. ते मी कसं विसरले, कोण जाणे.

त्या साठ मिनिटांत कुठल्याही क्षणी मी बेश्शो होऊन नव्वद टाकू शकत होते. चार टिचक्यांचं काम. मी नाही टाकले. म्हटलं, अजून पाच मिनिटं बघू, साहेबांना बोलावतील. मग आणखी पाच. साठाव्या मिनिटाला स्क्रीनवरची तिची खिडकी राखाडी झाली. मला तेव्हाही आधी तुमचाच विचार आला, की आता तरी तुम्हाला फोन जाईल.

तुम्हाला फोन गेला नाही. तुम्ही दुपारी आलात, आतडी चांगली आहेत म्हणालात, आणि मला साखरेची गोळी दिलीत.

मी तुमची माफी मागत नाही. तुमच्याबद्दल जे वाटत होतं ते अजून तसंच आहे, त्यातला एक शब्द मी परत घेत नाही. पण मारायचं होतं तुम्हाला आणि लागलं तिला, आणि मग पाच आठवडे मी तुमच्याच आड लपून बसले. तुम्ही मला नोंदीतून पुसलंत म्हणून मी ओरडले, आणि तिचं नाव वाचून ते पुसलं. हे लिहायला मला अख्खी रात्र लागली.

वकीलबाईंना मी काल फोनही केला. त्या म्हणाल्या, "मागच्या वेळी मी तुम्हाला थँक्यू म्हटलं होतं." बस, एवढंच.

नुकुई तोमोए


हिमी, २५ मार्च

बेश्शो साहेब,

चार पानांचं पत्र मिळालं. शिव्या तुम्हाला नीट येत नाहीत, सवय नाही. पुढच्या वेळी बंदरावर येऊन ऐका.

तुम्ही लिहिता, बढती गेली, तुम्हाला माजी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात टाकलं, तिथे दुपारी मासिकाच्या पत्त्यांवर चिकटपट्ट्या लावायच्या असतात. तुम्ही लिहिता, सगळा विभाग असाच चालायचा, पासवर्ड कोण वाटत नाही, मग बळी एकट्या तुमचाच का? बरोबर आहे. माझ्याही जागी दुसरी बाई अजूनही कोणीतरी दुसरं होऊन काम करत असेल. पण मी तुमच्यासाठी रडावं असं वाटत असेल तर ते होणार नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे मी तुमच्याबद्दल म्हणणार होते, पण ते मलाही लागू आहे.

मला विद्यापीठाने दोषी ठरवून कामावरून काढलं, कंत्राट संपायच्या अकरा दिवस आधी. हामातानी बाईंना ते मीच जाऊन सांगितलं, त्यांना दुसरीकडून कळण्यापेक्षा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, यादी माझ्या हातातून काढून घेतली आणि खणात ठेवून कुलूप लावलं. म्हणाल्या, "यादीला मी तुम्हाला हात लावू देणार नाही. ताटं धुवायला माणूस हवाय. यायचं तर या." मी जाणार आहे. त्यांनी बरोबर केलं.

आकिहोची फेरपरीक्षा सोळाला झाली. नव्वद मिनिटं. उत्तीर्ण झाली आणि अठराच्या यादीत तिचं नाव गेलं. अभिलेखागार तिला एक एप्रिलला घेणार आहे. हे तुम्हाला कोणी कळवलं नसेल, म्हणून कळवते.

तुम्ही विचारलंय की विद्यापीठाच्या वतीने माफी मागायला तुम्हाला तिच्या घरी पाठवणार आहेत, तर मी गेले होते का, ती काय म्हणाली, कितपत रागावली आहे. म्हणजे किती वाकावं लागेल याचा अंदाज हवाय. सांगते. जाणार असाल तर सकाळी जाऊ नका. तिची बोटं सकाळी उघडत नाहीत, दार उघडायला आलेल्या माणसाचा त्रास वाढवू नका. मला हे माहीत असून मी सकाळी गेले, कारण दुपारपर्यंत माझा धीर टिकला नसता.

मी मिठाईचा खोका नेला होता. दार तिच्या आईने उघडलं. मी उंबऱ्याबाहेरच गुडघे टेकून वाकले, म्हणायचं होतं ते म्हटलं. आईने आत या म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. मग मागून आकिहो आली. जाड मोजे, हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतलेले. मी पुन्हा वाकले. तिने मला उठायला सांगितलं.

तिने विचारलं, "त्या चौकटीत माझं नाव होतं?"

"हो."

"तुम्ही वाचलंत?"

"वाचलं."

"फोन चालू असताना? घाईत?"

ती मला पळवाट देत होती, साहेब. तीच पळवाट, जी मी तुम्हाला फेब्रुवारीत लिहून पाठवली होती. मी म्हटलं, "नाही. फोन ठेवल्यावर. दोनदा वाचलं."

तिने मान हलवली. आईकडे वळून म्हणाली, "मी तुला रोज सांगत होते ना, ताईंना दिसलं नसेल म्हणून." आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "दिसलं नसेल, एवढ्यावर मी तुम्हाला माफ केलं होतं. आता काय करायचं ते मला माहीत नाही."

आवाज चढलेला नव्हता. तुम्हाला अंदाज हवा होता, तो हा.

तिने दार लावायला घेतलं. त्यांचं दार जुनं, सरकवायचं आहे, जड आहे. बोटं खाचेत बसेनात. मी नकळत हात पुढे केला. ती म्हणाली, "नको." आईलाही तिने मानेनेच थांबवलं. मग तिने कोपर दाराला टेकवलं आणि सगळ्या अंगाने ते ढकलत, मध्ये थांबत, ढकलत नेलं. तिचा चेहरा अर्धा दिसायचा, मग थोडा कमी, मग डोळा तेवढा. बराच वेळ लागला. ते लागेपर्यंत मी उभी राहून पाहिलं.

नुकुई तोमोए